उपरण्याखालचा हात

शेठजींच्या पैशाने मी एक बैलजोडी विकत घेतली, ती विकणाऱ्याने मागितली त्याहून जास्त किंमत देऊन. घासाघीस झाली नाही असं नाही. झाली, पण ती मी उलटी केली.

तेव्हा मी नुकताच बी. ए. झालो होतो. दुसऱ्या खेपेला झालो, पण ठाण्याला सासुरवाडीत ही गोष्ट कोणी बोलत नसे. सासरे कचेरीतून पेन्शनीत निघालेले. तळ्याकाठी फिरायला जात, तिथे भेटेल त्याला जावई बी. ए. असल्याचं सांगत. मात्र मुलीला पाठवायचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं: "जावईबापू, आधी पक्की नोकरी, मग बिऱ्हाड." बायको दाराआड उभी राहून हे ऐकायची, आणि मी निघालो की भांडी जरा जोरात आपटायची. ती सासऱ्यांवर रागावून की माझ्यावर, हे मला कधी नीट कळलं नाही.

शेवटी सासऱ्यांनीच ओळख काढून मला कल्याणच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे चिकटवलं. शेठजींना रेल्वेशी इंग्रजीत लिहिणारा माणूस हवा होता. "शिमग्यापर्यंत बघतो," ते म्हणाले, "जमलं तर कायम."

शेठजींची समजूत अशी की बी. ए. झालेल्याला सगळं येतं. माझीही समजूत तीच, त्यामुळे पहिला दिवस फार सुखात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवले.

"सांगा बीए, जुना की नवा?"

मी ते दाराशी उजेडात नेऊन पाहिले, हुंगले, आणि विचारपूर्वक म्हणालो, "पांढरा."

शेठजी हसले. हसता येण्याचे दिवस अजून होते. इंग्रजीचं म्हणाल, तर स्टेशनमास्तर निघाला वसईकडचा किरिस्ताव, माझ्याहून खणखणीत मराठी बोलणारा. माझा तीन पानी अर्ज त्याने वाचायला घेतला, मध्येच खाली ठेवला आणि विचारलं, "डबे किती पाहिजेत तेवढं सांगा ना!" अर्जात नेमकं तेच लिहायचं राहिलं होतं.

पौषात मुरबाडाकडे मोठी जत्रा भरते, तिथला बैलबाजार नावाजलेला. शेठजींना तांदळाच्या गाडीला जोडी हवी होती, म्हणून ते मला घेऊन गेले. त्यांनी एक जोडी हेरली आणि म्हणाले, "मी देवाला जाऊन येतो. तुम्ही दलालाशी बोलणं लावून ठेवा. येतं ना?"

नाही म्हणायला तोंड उघडायचं असतं. मी मान डोलावली.

दलाल आला, गालात हसला, आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्याने माझ्या हातावर टाकलं. मग त्याखाली हात घालून माझी तीन बोटं धरली. मला वाटलं, काय ही हात मिळवायची रीत! कॉलेजात आमचे प्रिन्सिपॉलसाहेब निरोपाच्या वेळी एकेकाशी हात मिळवत. पंजा कसा पूर्ण द्यावा, किती दाबावा, हे मी तिथे उत्तम शिकलो होतो. बिचाऱ्याला रीत ठाऊक नाही, म्हणून मी अख्खा पंजा त्याच्या हातात दिला, मनापासून दाबला, आणि वर चांगला हलवलाही.

दलालाचे डोळे कपाळात गेले. मग तो ओरडला, "झाला सौदा!" आणि बैलांच्या कपाळी गुलाल फासून मोकळा झाला.

भाव आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून बैलबाजारात तो बोटांनीच बोलतात. तिथे एक बोट म्हणजे वीस रुपये. त्याने साठ मागितले होते, मी शंभर कबूल केले. गुलाल लागल्यावर मागे फिरणं म्हणजे पुढच्या साली जत्रेत तोंड न दाखवणं. शेठजी देवाहून आले आणि त्यांनी पैसे मोजले.

परतताना जोडी आमच्या पुढे चालत होती. मी मनात बायकोची भांडी ऐकत होतो. वाटेत शेठजींनी विचारलं, "कॉलेजात हे शिकवत नाहीत?"

"नाही."

"मग काय शिकवतात?"

"तर्कशास्त्र. रोमचा इतिहास."

"त्यात बैल येतच नाहीत?"

"येतात. ते लोक देवापुढे बळी देत."

"हळू बोला हो," शेठजी पुढे चालणाऱ्या जोडीकडे बघत म्हणाले, "शंभराचे आहेत ते."

एवढं बोलून ते जे हसायला लागले, ते पार कल्याण येईपर्यंत. त्यांनी मला काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी दुकानात उपरण्याखाली माझी शिकवणी सुरू झाली. "तो धरेल त्याहून एक बोट कमी. काय? नेहमी कमी. पंजा कधी द्यायचा नाही." कॉलेजात मी एकच विद्या पक्की शिकलो होतो, घोकण्याची; ती इथे कामाला आली. माघ सरता सरता मी गवताच्या गंजीचा भाव असा खाली आणला, की सौदा होताच दलालाने पाणीसुद्धा न पिता उपरणं उचललं. शेठजी भलते खूश झाले.

शिमग्याला सासरे स्वतः चौकशीला कल्याणला आले. शेठजींनी त्यांना लोडाशी बसवलं, शंभराच्या बैलांची गोष्ट हसत हसत सांगितली आणि म्हणाले, "तुमचे जावई आता तयार झाले, भाऊसाहेब. आजपासून कायम. बिऱ्हाड करू द्या." मी मनात बिऱ्हाड थाटलं. तेवढ्यात शेठजींनी उपरणं ओढून माझ्या हातावर टाकलं. "पगाराचं बोलून टाकू, तुमच्या सासऱ्यांसमोर. एका बोटाला दहा."

सासरे पुढे झुकून पाहू लागले. त्यांच्यासमोर माझी विद्या दाखवायची ही एकच संधी. शेठजींनी माझी चार बोटं धरली. मी ओठ मुडपले, बेफिकिरीने छताकडे पाहिलं, आणि सराईतासारखं एक बोट सोडवून घेतलं.

शेठजी थबकले. "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. "याच्या पलीकडे बोलणं नाही."

"बरं. तीसवर ठरलं!"

सासऱ्यांनी विचारलं, "शेठ, तुम्ही किती म्हणाला होतात?"

"चाळीस."

सासऱ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर रवंथ करत बसलेल्या जोडीकडे, आणि पुन्हा माझ्याकडे.

"ते दोन तुम्हाला महाग पडले," ते शेठजींना म्हणाले, "पण हा तिसरा स्वस्तात मिळाला."