पट्ट्याचं शेवटचं भोक

माझ्या आत्याला अख्खी गल्ली टेपताई म्हणते, कारण तिच्या गळ्यात सदानकदा मोजायची टेप असते. तिचं ऑल्टरेशनचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल नाहीतर घट्ट करणं, असली कामं. नवीन कपडा ती शिवत नाही. "नवीन कुणीही शिवेल, दुसऱ्यानं बिघडवलेलं सरळ करून दाखवा म्हणावं," असं नाक वर करून सांगते. तोंडाची फटकळ. मशीन चालू ठेवून ती समोरच्या फुटपाथवरच्या माणसाशी भांडू शकते. मी तिच्यावर गेलेय असं बाबा म्हणतात, आणि ते कौतुक नसतं.

पण सोळाव्या वर्षी माझं तोंड बंद पडलं होतं. उठून दात घासायचेत, एवढ्या विचारानंही रडू यायचं. शाळा सुटली, जेवण दोन घासांवर आलं. "थेरं आहेत सगळी," बाबा म्हणायचे. आई बाबांकडे बघायची आणि गप्प बसायची. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ मागितली, तर ती मिळाली सात महिन्यांनंतरची. सात महिने! तोवर मी असेन की नाही, हे मलाच माहीत नव्हतं. हो, असंच वाटायचं, उगाच गुळमुळीत कशाला सांगू.

मग बाईंनीच एका संशोधनाचा पत्ता दिला. किशोरवयातल्या नैराश्याचा अभ्यास होता. मनगटावर पट्टा बांधायचा, तो झोप, हालचाल आणि हृदयाचे ठोके मोजणार. ज्यांना घेतील त्यांना सहा महिने दर आठवड्याला डॉक्टर भेटणार. मला फक्त ते शेवटचं हवं होतं. वय बसलं, आईबाबांच्या सह्या झाल्या, प्रश्नावली भरली. एकच अट उरली. आठवडाभर पट्टा घालून दाखवायचा, दिवसाचे किमान वीस तास.

मी आंघोळीलाही काढला नाही. शप्पथ.

आठव्या दिवशी पत्र आलं. 'अपात्र. कारण: उमेदवाराचा असहकार. पट्ट्याचा वापर सरासरी सहा तास.' बाबांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

"नुसता घालून बसायचं होतं. तेवढंही जमलं नाही तुला?"

"मी नव्हता काढला."

"मग काय मशीन खोटं बोलतं?"

खरं सांगू, थोड्या वेळानं मलाच वाटायला लागलं की काढलाच असेल मी, आणि विसरले असेन. त्या दिवसांत माझा माझ्यावर विश्वास होता कुठे!

संध्याकाळी दुकान बंद करून आत्या आली. तिनं पत्र वाचलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"काढला होतास?"

"नाही."

"मग नाही."

संपलं. ना उलटतपासणी, ना 'नीट आठव'. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझं म्हणणं जसंच्या तसं घेतलं होतं. मला एकदम हुंदका आला, तर ती म्हणाली, "आणि अपात्र काय म्हणे! अगं, तुझ्याइतकं पात्र अख्ख्या खानदानात नाही." मी रडता रडता हसले, तेही नाकातून.

"हात दे."

टेप गळ्यातून निघाली. मनगट साडेबारा सेंटिमीटर. मग तिनं पट्टा शेवटच्या भोकात अडकवून आतून मोजला. साडेचौदा. पट्ट्याखालून तिची दोन बोटं आरामात फिरली.

"हे घातलेलं नाहीये, हे लटकलंय," ती म्हणाली.

"पट्ट्यात कसलं आलंय माप?" बाबा म्हणाले.

"दादा, तू गप्प बस हं. तुझी कंबर मी वर्षातून दोनदा सैल करते, ते सांगू का सगळ्यांना?"

एक भोक तिनं तिथल्या तिथे पाडलं असतं, पण मग म्हणतील यंत्राला हात लावला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप घालून ती मला घेऊन निघाली.

संशोधनाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. प्लास्टिकच्या खुर्च्या, फायलींचं कपाट, टेबलामागे नोंदणीच्या मॅडम. दमलेल्या होत्या, पण गोड बोलत होत्या. "अपात्र ठरलेल्यांना परत घेता येत नाही. नियम आहे."

"नियम कुठे पळून जात नाही. आधी बोट घाला इथे." आत्यानं माझं पट्ट्याचं मनगट टेबलावर ठेवलं.

मॅडमनी बोट घातलं. मग दुसरं. पट्ट्याच्या पोटातल्या, ठोके मोजणाऱ्या हिरव्या दिव्याचा उजेड मनगटावर न पडता बाजूनं सरळ टेबलावर पडत होता.

"बघा," आत्या म्हणाली, "हा तुमच्या टेबलाचे ठोके मोजतोय."

"पण पट्टे असेच येतात हो. बहुतेकांना बसतात."

"बहुतेक म्हणजे जेवणारे!" आत्याचा आवाज चढला. "जी पोरं जेवत नाहीत, खंगलीत, तीच तुमच्याकडे येणार ना? मग पट्टा जेवणाऱ्यांच्या मापाचा कसा? आम्ही माप चुकलो तर कपडा परत घेतो बाई, गिऱ्हाइकाला खोटारडं ठरवत नाही!"

मॅडमनी आतून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही बोट घालून पाहिलं, दिवा पाहिला आणि कपाळावर हात मारला. बारीक पट्टा मागवू, चाचणीचा आठवडा पुन्हा धरू, म्हणाले. (पुढे त्या पट्ट्यानं बावीस तास मोजले आणि मी पात्र ठरले. दर आठवड्याचे डॉक्टरही मिळाले.) पण आत्या जागची हलेना.

"आणि हे 'असहकार' खोडा."

"नोंद खोडता येत नाही. खाली दुरुस्ती लिहितात."

"मग लिहा, पट्टा सैल होता, चूक आमची."

मॅडमनी 'पट्ट्याचे माप अयोग्य' एवढंच लिहिलं. आत्या पुटपुटत का होईना, उठली. मी मात्र त्या उघड्या फायलीकडे बघत बसले होते. ती जाड होती.

"बाकीच्यांचं काय?" मी विचारलं.

"कोण बाकीचे?"

"ज्यांच्या कागदावर असहकार लिहिलंय ते."

मॅडमनी फाईल आपल्याकडे वळवली आणि 'असहकार'वाली पानं मोजली. "तुला सोडून चौदा," त्या हळूच म्हणाल्या.

चौदा घरं. मशीन काय खोटं बोलतं का, असं विचारणारे चौदा बाबा. कित्येक महिन्यांत मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं, आणि आता असा संताप आला की कान तापले.

"आत्ता फोन करा," मी म्हणाले. "मी बसलेय इथे." आवाज पार जिन्यापर्यंत गेला असणार, कारण कुणीतरी दारातून डोकावलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची ओढून परत बसली.

मॅडमनी पहिला नंबर फिरवला. "संशोधन केंद्रातून बोलतेय. आमच्याकडून चूक झाली. पट्टाच सैल असणार, तुमच्या मुलानं तो काढला नव्हता."

पलीकडून रिसीव्हर बाजूला न करताच एका बाईनं हाक मारली. ती टेबलाच्या अलीकडे आम्हालाही ऐकू आली.

"बाळा, जरा इकडे ये रे."