जयंतरावांनी बसवलेला प्रोग्रामर

जयंतरावांबद्दल काहीतरी लिहा, असं त्यांची मुलगी आश्लेषा म्हणाली तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. लंडनच्या हाउन्सलोत त्यांच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये एकच घर आहे, तरी मला त्यांची फारशी माहिती नाही. मूळचे सांगलीचे. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यांची देखभाल करून निवृत्त झालेले. बोलण्याआधी चष्मा पुसायचे. त्यांच्या घरात मी बराच वेळ असा एकदाच थांबलो, तोही टॉर्च धरून.

जानेवारीत त्यांच्या पत्नीला, प्रमोदिनीवहिनींना, हॉस्पिटलमधून घरी आणायचं ठरलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि त्यांना शेवटचे दिवस घरी काढायचे होते. खोली उबदार ठेवा, असं नर्सने बजावलं होतं. नेमका त्याच वेळी हीटिंगचा प्रोग्रामर गेला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ती डबी, बॉयलरने कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे ठरवणारी. प्लंबरने पुढच्या आठवड्यातला दिवस दिला. वहिनी दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या.

"टॉर्च धराल का, आठल्ये?" जयंतराव दारात येऊन म्हणाले.

मेन स्विच बंद केला होता, तरी त्यांनी टेस्टर दोनदा लावून पाहिला. जुन्या तारांचा फोनवर फोटो काढला, मग एकेक स्क्रू सैल करून तारा नव्या डबीत बसवल्या. मेन चालू केला, हीटिंगचं बटण दाबलं, बॉयलर लागला. रेडिएटर मात्र गारच. वर आंघोळीच्या टाकीतलं पाणी तापायला लागलं होतं.

"आयुष्यभर लोकांच्या बॅगा बरोबर विमानात घातल्या," ते म्हणाले, "आणि घरच्या दोन तारा भलत्याच गावाला पाठवल्या."

पुन्हा मेन बंद करून त्यांनी त्या दोन तारांची अदलाबदल केली. या वेळी रेडिएटर तापला. त्यावर तळवा ठेवून ते बराच वेळ उभे होते.

वहिनी आल्या. पुढच्या खोलीत त्यांचा पलंग लावला. त्या वाईच्या, जुन्या वळणाच्या. दिवा विझव म्हणायचं नाही, वाढव म्हणायचं, ही आमच्या आयांची रीत त्यांनी इथे टीव्हीपासून हीटिंगपर्यंत सगळ्याला लावली होती. जयंतरावांना ते सवयीचं होतं. आश्लेषा इथे जन्मलेली, तिचं मराठी मोडकंतोडकं. तिनेच मला सांगितलं, एका दुपारी जयंतराव औषधं आणायला गेले आणि वहिनींना उकडायला लागलं.

"हीटिंग वाढव गं," त्या म्हणाल्या. आश्लेषाने वाढवलं. थोड्या वेळाने वहिनी पुन्हा म्हणाल्या, वाढव. तिने आणखी वाढवलं. जयंतराव परतले तेव्हा खोलीची भट्टी झाली होती.

"बाबा, आईच बोलला ना, वाढव म्हणून," आश्लेषा रडवेली झाली.

वहिनी घामाने भिजल्या होत्या, तरी हसत होत्या. "रागावू नका तिला. लेक आईचं ऐकते, हे कुणाच्या घरी दिसतं?"

त्या दिवसापासून मुलीसाठी त्यांनी शब्द बदलला. गार वाटलं तर वाढव, उकडलं तर ऑफ कर. कधी विसरायच्या आणि जुनंच बोलायच्या.

मार्चमध्ये त्या गेल्या. दिवसकार्य झाल्यावर जयंतराव माझ्याकडे आले. चहा घेतला, चष्मा पुसला.

"शेवटच्या दिवशी डोळे मिटून म्हणाली, वाढवा आता. मी विचारलं, अगं, चालू की बंद? बोलली नाही. हात गार होते, कपाळ गरम. मी त्या डबीवर बोट ठेवून उभा राहिलो. काहीच केलं नाही." मग म्हणाले, "तिला थंडी वाजत होती की उकडत होतं? तुम्हाला काय वाटतं?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

विचार मात्र खरंच केला. नवरा जवळ असताना त्या आपल्या जुन्याच भाषेत बोलल्या असणार, म्हणजे बंद करा. पण संध्याकाळी दुकान बंद करताना दुकान वाढवलं म्हणतात, तेव्हाही शब्द तोच असतो. त्या हीटिंगबद्दल बोलतच नसतील, आपल्या निघण्याबद्दल बोलत असतील. तुमच्या हातून काही राहिलं नाही, एवढं मला जयंतरावांना सांगायचं होतं. वाक्यं मनात जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. माझं म्हणणं बरोबर आहे की नाही, हे आजही ठाऊक नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी ते फाटकाशी दिसले आणि मी ते सांगायला मुद्दाम बाहेर गेलो. त्यानंतर दोनच दिवसांनी ते झोपेत गेले. त्या सकाळी ते कचऱ्याची निळी बिन बाहेर ओढत होते; इथे एका आठवड्यात निळी नेतात, दुसऱ्यात काळी.

"उद्या निळी की काळी हो?" त्यांनी विचारलं.

"काळी."

"म्हणजे ही उगाच काढली."

"थांबा, मी ढकलतो आत."

"नको, चाकं आहेत तिला," जयंतराव म्हणाले.

"बरं," मी म्हणालो आणि तसाच घरी परतलो.