माणिकगडाखालची घळ

त्या रविवारी आम्ही कर्नाळ्याला जातोय, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. ते खोटं होतं. कर्नाळ्याला वाट सोपी, सुट्टीच्या दिवशी माणसांची वर्दळ, म्हणून त्याची हरकत नव्हती. माणिकगडाचं नाव काढलं की मात्र तो आबांच्या वयावर यायचा. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

आबा साताऱ्याकडचे. पस्तीस वर्षं त्यांनी वाशीच्या मार्केटात पाठीवरून गोणी वाहिल्या. शेवटची काही वर्षं ते टोळीचे मुकादम होते. आई गेल्यावर बोनकोड्याजवळच्या आपल्या खोलीत ते एकटेच राहत. मी खांदेश्वरला. लेकीच्या घरी कायमचं राहणं त्यांना पटत नव्हतं, पण शनिवारी संध्याकाळी यायचे आणि रविवारी आम्ही दोघं गडावर जायचो. सुरुवात बेलापूरच्या खाडीकाठच्या पडक्या बुरुजापासून झाली होती. मग कर्नाळा दोनदा, मग प्रबळगड. प्रबळगडावर त्यांनी कॉलेजच्या पोरांना मागे टाकलं होतं आणि पुढचा आठवडाभर फोनवर दुसरा विषय नव्हता. लहानपणी त्यांनी मला कधी कुठे नेल्याचं आठवत नाही. सहाही दिवस मार्केट, सातव्या दिवशी झोप. त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळालेले ते रविवार मला सोडवत नव्हते. खोटं बोलले ते त्यासाठी.

पहाटे स्कूटीवरून निघालो. पायथ्याच्या गावात एका अंगणात गाडी लावली आणि जंगलातून चढायला लागलो. माझ्या मोबाइलवर कुणीतरी आधी चालून नोंदवलेली वाट उतरवून घेतलेली होती. मी द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरच्या गाड्या कुठे पोचल्या ते दिवसभर स्क्रीनवर बघते. ठिपका दाखवतो तिथे गाडी असते, हे माझ्या अंगात भिनलेलं आहे. आबा मात्र खाली वाकून वाट बघायचे. दगड कुठे झिजलाय, गवत कुठे दबलंय. पहिले दोन तास माझा ठिपका आणि त्यांचे डोळे एकच सांगत होते, म्हणून भांडण झालं नाही.

अकराच्या सुमारास पठार संपलं आणि गडाचा कातळ समोर उभा राहिला. तिथे वाट फुटत होती. ठिपका म्हणत होता डावीकडे, कड्याच्या पोटातून. आबा उजव्या हाताच्या अरुंद घळीकडे बघत होते. तिच्यात त्यांना छिन्नीने घडवलेल्या दोन पायऱ्या दिसल्या होत्या. म्हणाले, मागच्या लोकांनी पायऱ्या उगीच खोदल्या नसतील, दरवाजा ह्याच अंगाला असणार. मी म्हटलं, शेकडो माणसं डावीकडून गेलीत, इथे नोंद आहे. ते ऐकेनात. ऊन चढलं होतं, नवऱ्याशी खोटं बोलल्याचं मनात टोचत होतं, आणि मी बोलून गेले.

"आबा, इथं तुम्ही मुकादम नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काठी उचलली आणि घळीकडे चालू लागले. मीही रागात डावीकडे वळले. पाण्याच्या दोन्ही बाटल्या माझ्या पाठीवरच्या पिशवीत होत्या, हे त्या वेळी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

माझी वाट दीडशे पावलांवर संपली. पुढे करवंदीची जाळी आणि जाळीपलीकडे थेट दरी. मोबाइलवरचा ठिपका शांतपणे दरीच्या वर, हवेत उभा होता. नेटवर्क नव्हतंच. मी परत फिरले, फाट्यावर आले आणि हाक मारली. कातळावर आपटून माझाच आवाज परत आला. पुन्हा मारली. काहीच नाही.

पहिल्यांदा वाटलं, रुसलेत. आबांचं रुसणं मला माहीत होतं. आईशी ते आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. मी दगडावर बसून राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग एकदम लक्षात आलं, की ते वर पोचले असते तर त्यांनी नक्की हाक मारली असती. आपलं खरं झालं हे सांगायची संधी त्यांनी सोडलीच नसती. आणि आम्ही इथे आहोत हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

मी घळीत शिरले. पाच-सहा पायऱ्या धड होत्या, त्यानंतर नुसता घसारा. प्रत्येक पावलाला माती निसटत होती. एका दगडाच्या खोबणीत त्यांची काठी अडकलेली दिसली. काठी सोडून आबा पुढे गेले असतील तर दोन्ही हात लागावेत अशी जागा आली असणार, एवढं मला कळलं. मी वर बघितलं.

ते माझ्यापासून दोन पुरुष उंचीवर होते. तोंड कातळाकडे, पाय जेमतेम वीतभर रुंदीच्या कंगोऱ्यावर, दोन्ही हात एका खाचेत. हलत नव्हते. फक्त पोटऱ्या थरथरत होत्या, इतक्या की खालूनही दिसत होतं.

"आबा, हाक ऐकू आली नाही का?"

"आली," ते कातळाकडेच तोंड ठेवून म्हणाले. "वो दिली असती तर पळत आली असतीस. घसरली असतीस."

अर्धा तास तरी ते तसे उभे होते. माझ्या सगळ्या हाका त्यांनी ऐकल्या होत्या.

मी खालच्या कंगोऱ्यापर्यंत चढले. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. घळ सरळ झाडांच्या शेंड्यांत उतरत होती. मी ओढणी काढली आणि त्यांना म्हटलं, कमरेला बांधते, दुसरं टोक माझ्या हाताला. ते पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "बांधू नगंस. मी गेलो तर तू ऱ्हा."

ओढणी परत खांद्यावर टाकली आणि त्यांचा उजवा पाय घोट्यापाशी धरला. त्यांना खालचं दिसत नव्हतं, मला दिसत होतं, तेव्हा उतरायचा तेवढा एकच मार्ग होता. मी त्यांना सांगितलं की मी पाऊल जिथे ठेवीन तिथेच भार टाकायचा, स्वतः शोधायचं नाही. ते हो म्हणाले. मी ओढलं, पण पाय उचलेना. शंभर किलोची गोण घेऊन ट्रकच्या फळीवरून चढणारा तो पाय माझ्या हातात लाकडासारखा ताठ झाला होता.

मग मी मोठ्याने बोलायला लागले. उजवा खाली. अजून. टेकला. आता डावा. माझा आवाज मला परका वाटत होता. ऑफिसात ड्रायव्हरशी बोलते तसा, कोरडा. तोच त्यांना लागू पडला. एक पाऊल आलं, मग दुसरं. तिसऱ्याला त्यांच्या टाचेखालचा दगड सुटला आणि माझ्या कानाजवळून गेला. तो खाली आपटत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आम्ही दोघंही श्वास धरून थांबलो. त्यांचा सगळा भार माझ्या पंजावर होता आणि माझी कोपरं कातळाला घासून सोलली होती. मी म्हटलं, "आबा, घाई नाही." तो मी त्यांना दिलेला धीर नव्हता. तो मला स्वतःलाच हवा होता.

किती वेळ लागला सांगता येत नाही. घडवलेल्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा ऊन माथ्यावरून ढळलं होतं. ते बसले, मी बाटली दिली. निम्मं पाणी त्यांनी शर्टावर सांडलं. मी सकाळच्या त्या वाक्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि म्हणाले, चल.

पण संकट संपलं नव्हतं. त्यांचे गुडघे उतारावर टिकत नव्हते. दर वीस पावलांवर बसावं लागत होतं. त्यात जंगलात आमची सकाळची वाट हरवली. मोबाइल मी बंद करून खिशात टाकला होता, त्याच्याकडे बघण्याची इच्छाच उरली नव्हती. उन्हं तिरपी झाली तेव्हा एका ओढ्याकाठी लाकडाची मोळी घेतलेली, जवळच्या ठाकरवाडीतली बाई भेटली. साधारण माझ्याच वयाची. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कुठे निघालात. मी पुढच्या वाटेकडे बोट केलं.

"ती वाट कड्यावं जाते," ती म्हणाली. "माझ्यामागं या."

मोळी डोक्यावर, हात मोकळे, आणि चाल अशी की आम्हाला गाठणं कठीण. पण दर वळणावर ती थांबायची. आबा बसले की तीही उभी राहायची. एकदा आबा तिला म्हणाले की मोळी डावीकडे झुकलीय, मान दुखेल. तिने हसून मोळी सारखी केली. दिवसभरात कुणी हसलं ते पहिल्यांदाच. अंधार पडायच्या आत तिने आम्हाला गावात आणून सोडलं, आणि मी नीट आभार मानेपर्यंत वाडीकडे वळलीसुद्धा.

नेटवर्क येताच नवऱ्याचे अठरा मिस्ड कॉल दिसले. घरी पोचलो तेव्हा तो सोसायटीच्या गेटवरच उभा होता. त्याने विचारलं, एवढा वेळ कर्नाळ्याला? मी काहीतरी जुळवायच्या आत आबा बोलले. माणिकगडला गेलो होतो. मी हट्ट केला. वर जाऊन पाय उचलंना, हिनं उतरवलं. इतकंच. हट्ट माझाही होता, पण माझं नाव त्यांनी त्यात येऊ दिलं नाही. माझ्या वाटणीचं मी नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

त्यानंतर कित्येक महिने गडाचा विषय निघाला नाही. आबा शनिवारी यायचे, रविवारी टीव्ही बघायचे, जायचे. पुढच्या हिवाळ्यात एकदा जेवताना तेच म्हणाले, तो दरवाजा बघायचा राहिला. ह्या खेपेला नवऱ्याला खरं सांगून गेलो आणि वाडीतला एक माणूस वाट दाखवायला घेतला. खरी वाट आमच्या फाट्याच्या थोडी अलीकडेच वर जात होती. आम्ही दोघंही बोलत बोलत तिच्या पुढे निघून गेलो होतो.

पठारावर आबा एका सावलीत बसले आणि म्हणाले, जा, मी हितं हाय. आग्रह करू नये हे मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. मी वर गेले. पडलेला दरवाजा बघितला, पाण्याची टाकी बघितली, चुना मळायच्या घाण्यातलं जड दगडी चाक बघितलं. खाली आले तेव्हा ते जागेवरच होते. चाक केवढं होतं, त्यांनी विचारलं. मी हात पसरून दाखवलं. एवढं वजन वर नेलं कसं असेल, किती माणसं लागली असतील, पाठीवर की लोळवत, याचा ते पायथ्यापर्यंत विचार करत राहिले, आणि मी त्यांच्या पुढे चालत पायाखालचा दगड पक्का आहे का ते बघून सांगत होते.