पिवळ्या शर्टातला पाहुणा

तिला सगळे झटकमावशी म्हणायचे, आणि ते काही लाडाने नव्हे. मिरचीची रोपं घ्यायला कुणीही येवो, अगदी सख्खी नणंद का असेना, दारातच हुकूम सुटायचा: आधी कपडे झटका. घरामागे रोपांसाठी तिची बारीक जाळीची लांबलचक खोली होती, तिला एकामागे एक दोन दारं. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. लोक हसायचे. हसेनात का, हसणाऱ्यांचं काय जातं!

तिचं वैर होतं पांढऱ्या माशीशी. तिळाएवढीही नाही ही बया, ती रस पिऊन पिऊन पिणार किती? पण आजारी रोपाचा रस एकदा प्यायली, की रोग तिच्या अंगात मुक्कामालाच येतो. मग जन्मभर, बसेल त्या रोपाला ती तो वाटत सुटते. आणि त्या रोगाची अक्कल तरी बघा. त्याने धरलेलं पान पिवळं पडतं, आणि पिवळं दिसलं की माशीला राहवत नाही. म्हणजे हाच तिला बोलावणार, जेवू घालणार, आणि वर दुसऱ्याच्या घरी धाडणार. मागे एका वर्षी सगळी रोपं अशीच मुरडून गेली. मावशीने ती स्वतःच्या हाताने उपटली, रडली, आणि रडताना लेकीने पाहिलं म्हणून तिच्यावरच चिडली. नवरा गेल्यापासून घर या रोपांवर चाललं होतं. पुन्हा तसं झालं तर तिच्या दारात कोण उभं राहणार?

तेव्हापासून त्या घरात पिवळं काही टिकलं नाही. लेकीची चांगली छत्रीसुद्धा तिने देऊन टाकली.

आणि लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला तो नेमका पिवळ्या शर्टात! चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा बिचारा. नवा शर्ट खास घेतलेला. लेकीने त्याला चार गोष्टी बजावल्या होत्या, चहाला नाही म्हणू नकोस, आईशी वाद घालू नकोस. रंगाचं तेवढं राहून गेलं. मावशी जाळीच्या खोलीत होती. हा मुलखाचा सभ्य. बाहेरचं दार पायाने अडवलं, आतलं हाताने धरलं आणि मागे वळून लेकीला म्हणाला, आधी तू. दोन्ही दारं सताड उघडी! शेजारच्या रिकाम्या जागेत रोगट टोमॅटो माजलेले, त्यात वारा सुटलेला. माशा भुर्रकन आत.

मावशी तीरासारखी दाराकडे आली. चालता हो, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात तिला दिसलं की माशा रोपांकडे जातच नाहीयेत. त्या त्याच्या कॉलरवर, खिशावर, खांद्यावर बसतायत.

"हलू नकोस," ती म्हणाली. "श्वास घे, पण हलू नकोस."

लेकीने दारं लावली. मावशीने एरंडेल आणि ब्रश आणला, आणि त्या नव्या कोऱ्या शर्टाला पुढून-मागून तेल फासलं. एरवी माशा पकडायला ती कुंपणावर टांगलेल्या पिवळ्या पुठ्ठ्यांना फासायची, तसंच. मग लेक एकेक ट्रे हलकेच थोपटत निघाली. पानाखालून माशी उठली की भिरभिरत याच्याकडे, आणि बसली की चिकटली. हात पसरून तो उभा, पॅंटमध्ये तेल ओघळतंय, पण हात काही खाली घेतले नाहीत.

मावशीला आयतीच संधी मिळाली. जो हलू शकत नाही तो प्रश्नांतून पळणार कुठे? घरी कोण असतं, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. राग येतो का, असंही विचारलं. येतो, तो ओठ तेवढे हलवत म्हणाला, लोक शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतात तेव्हा. मावशीला हसू आवरेना. ती घाईघाईने ट्रेवर वाकली, पण लेकीने पाहायचं ते पाहिलं.

तरी संध्याकाळी त्याला निरोप देताना तिने आडपडदा ठेवला नाही.

"एखादी जरी निसटली असेल तर संपलं. नवी पानं सरळ आली तर ये. मुरडली तर तुझं तोंड मला बघवणार नाही, तुझी चूक नसली तरी."

पुढचे दोनेक आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. मावशी उठल्यापासून पानं उलटून बघायची. तो रोज कुंपणाबाहेर यायचा, पांढऱ्या शर्टात, आणि नुसत्या भुवया उंचावून विचारायचा. ती मान हलवायची, अजून नाही. आणि एका सकाळी कोवळी पानं उलगडली ती सपाट, रुंद, हिरवीगार. मावशीला इतका आनंद झाला की तिने कुंपणाकडे जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, त्याला हाक मारली.

त्याच दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. तो एक दार लावून मगच दुसरं उघडत ट्रे बाहेर आणत होता, लेक मागे पाणी घालत होती. नवा माणूस ठेवलात वाटतं, गिऱ्हाईकाने विचारलं.

"ठेवलाय कसला?" मावशी म्हणाली. "जावई आहे माझा."

हे तोवर ना लेकीला कुणी सांगितलं होतं, ना जावयाला.