तिच्या गळ्याचे मालक

त्या दुपारी आम्ही दोघं पडवीत तेंदूपानांचे पुडे बांधत बसलो होतो. पहाटे जंगलातून तोडून आणलेली पानं मधोमध पसरली होती. माझ्या बायकोनं, कौसल्यानं, माझा एक पुडा उचलून हलवला, तर चार पानं खाली.

"काऊन जी, असा सैल बांधून राह्यले? पेटीवर तं मोठे हात चालते तुमचे!"

"माया वाटचे तूच बांध मंग."

हसली. हात धुवायला उठली, आणि रांजणापाशी बसली ती बसलीच... दवाखान्याची गाडी येईपर्यंत सारं संपलं होतं.

महिना झाला. मध्ये पेपरात तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'झाडीपट्टीचा गोड गळा हरपला'. छापून आणणारा आमच्या नाटक कंपनीचा मालक. तो गळा गेला कसा, ते एका ओळीत नाही. म्हणून मी चौथी शिकलेला माणूस लिहायला बसलो.

कंपनीत ती गायची, मी आर्गन वाजवायचो. धान कापून झालं की गावोगाव आमची संगीत नाटकं. ती पद घ्यायला उभी राहिली की तनसीवर, धानाच्या पेंढ्यावर, बसलेली माणसं बिडी विझवायची. आणि उन्हाळ्यात हीच बाई तेंदूच्या फडीवर, पानं विकत घेतात तिथं, बाया गोळा करून ओरडायची. ठेकेदाराचा मुन्शी चांगले पुडे खराब म्हणून बाजूला टाकायचा आणि मागून तेच ट्रकात भरायचा. बायांना भोंगा कोण देणार? हिचाच गळा.

त्या ओरडण्यानं दर दिवाळीला, तालमी सुरू होताना, तो गळा थोडा बसलेला असायचा. मी एक पट्टी खाली धरायचो. तिला कळत होतं... एका वर्षी मालक म्हणाला, "बाई, एक तं नाटक करा, नाई तं मोर्चे." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आर्गन पुसत बसलो. ती म्हणाली, "मंग नाटक राहू द्या, भाऊ." तिच्या जागी दुसरी आली. मी वाजवतच राहिलो.

शोकसभेत हाच मालक रडला, माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी ती खुर्चीवर ठेवून आलो. पण मी तरी कोणता चांगला? दर उन्हाळ्यात ती म्हणायची, "या न जी एक दिवस. बायाच्या मागं नुसते बसा." मी म्हणायचो, "तू फाड आपला गळा, मले काऊन ओढतं?" एकदाही गेलो नाही.

तिला माती दिली, त्याच्या दुसऱ्या सकाळी मुन्शी दारात आला. "बाई चांगली होती, पण पानं थांबत नाई, भाऊ. बायाले पाठवा." बाया माझ्याच अंगणात बसल्या होत्या. कोणीच जंगलात गेली नव्हती. साऱ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. घोषणा मला येत नाहीत. चप्पल घातली, फडीवर गेलो. पानं भरलेला ट्रक निघायच्या बेतात होता. त्याच्या चाकापुढे खाली बसलो.

मुन्शी धावत आला. "उठा न, भाऊ. तुम्ही तं असे नव्हते."

"नव्हतो," मी म्हटलं.