काट्यावर अडलेली बैलगाडी

पुण्यात नव्या इंजिनिअर मुलांपुढे बोलायला बोलावलं की मी एक गोष्ट हमखास सांगायचो. एका साखर कारखान्यासाठी केलेला आमचा प्रोग्राम उद्घाटनाच्याच दिवशी कसा अडला, आणि टेस्टिंगमध्ये एक बाब राहून गेली की काय होतं. मुलं हसायची. गोष्ट खरी होती, पण टेस्टिंगमध्ये काहीही राहिलं नव्हतं. तेवढं आता दुरुस्त करतो.

नव्वदीचं दशक सरत होतं. अंबाजोगाईत एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं तिघांचं ऑफिस होतं. मी कारखान्यात जाऊन त्यांना काय हवं ते समजून घ्यायचो आणि कुठलं काम आधी करायचं ते ठरवायचो. धारूरचा एक गडी प्रोग्राम लिहायचा. घाटनांदूरच्या एक बाई, गणितातल्या पदवीधर, तो तपासायच्या. सकाळी चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्याच काल काय झालं, आज काय करायचं, कुठं अडलंय एवढं बोलून आम्ही वर जायचो. दर आठवड्याला जेवढं झालं तेवढं कारखान्यात नेऊन दाखवायचो. या पद्धतीला अ‍ॅजाइल म्हणतात आणि त्या उभ्याउभ्या बोलण्याला स्टँड-अप, हे मला पुढे पुण्यात कळलं. आम्ही उभे राहायचो कारण गाड्यावर बाकडंच नव्हतं.

बाईंच्या हाताखालून प्रोग्राम धड बाहेर येणं अवघड. कुठं आकड्याच्या जागी अक्षर टाक, कुठं मध्येच बटण दाबून बंद कर.

“ताई, तुमी तपासता का मोडता?” गडी कुरकुरायचा.

“मोडतो का ते बघते. तुला लईच जीव लागला आसंल तर घरी नेऊन पूजा कर त्याची.”

त्या पुन्हा मोडायच्या, तो पुन्हा जोडायचा, आणि दुपारी दोघं एकाच डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायचे. इतकं हसतखेळत काम मी नंतर कुठंही केलं नाही.

प्रोग्राम होता उसाच्या गाड्यांच्या नंबरांचा. गाडी यार्डात आली की चिठ्ठी निघणार, आणि त्याच क्रमानं वजनकाट्यावर तिची पाळी येणार. बाई तपासायला थेट यार्डात गेल्या आणि तोडणीवाल्या बायकांशी बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाल्या, “सर, हे चालायचं न्हाई. गाडीवर ओली बाळंतीण आसली की तिला समदे पुढं सोडतात. कुणाला सांगावं लागत न्हाई. आपल्या प्रोग्रामात नंबर पुढं घ्यायची सोयच न्हाई.”

गडी म्हणाला, “दोन दिवस द्या, करतो.”

उद्घाटनाचा दिवस ठरला होता, मांडव घातला होता. मी म्हणालो, “पुढच्या आठवड्यात बघू.”

उद्घाटनाच्या दिवशी चेअरमननी नारळ फोडला, पहिल्या गाड्या वजन होऊन गेल्या. मग पाठीमागून एक गाडी पुढं आली. उसाच्या मोळ्यांवर फडक्याच्या सावलीत एक पोरगी तान्हं घेऊन बसली होती. काट्यावरचा कारकून म्हणाला, “कम्प्युटर घेत न्हाई. हिचा नंबर लांब हाय.”

“मग ऱ्हाऊ द्या,” ज्याची पाळी होती तो गाडीवान म्हणाला. “ती गेल्याबिगर मी न्हाई जात.”

त्याच्या मागचाही हलेना. मशीन तिला घेईना आणि माणसं तिच्या आधी जाईनात. रांग यार्डाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. शेवटी कारकुनानं कम्प्युटर बंद करून हातानं चिठ्ठ्या फाडल्या.

चेअरमननी सगळ्यांसमोर विचारलं, “हे आधी तपासलं न्हवतं का?”

“टेस्टिंगमध्ये राहून गेलं, साहेब,” मी म्हणालो.

टेस्टिंग कुणाकडे आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे बाईंकडे बघू लागले. गडी काही बोलणार होता. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. कारखान्याचं पुढचं काम आम्हालाच मिळालं, पण ‘त्या बाई नकोत’ या अटीवर. मी ती अट मानली.

छापायला देण्याआधी हे सगळं बाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या आता लातूरला असतात. ‘बाई निमूटपणे निघून गेल्या,’ असं मी लिहिलं होतं. तिथं त्यांनी थांबवलं.

“चूक हाय. निमूट कोण गेलं? जिन्यात उभं करून सुनावलं होतं तुमाला. खालचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून ऐकत होता.”

मला ते अजिबात आठवत नव्हतं. “काय म्हणाला होतात?”

“म्हणलं, सर, त्या गाडीवानांची त्या पोरीशी ना वळख ना पाळख, तरी ते तिच्यापायी उन्हात उभे ऱ्हायले. तुमी माझ्यासंगं चहा पिता रोज, अन्‌ माझ्यापायी तुमाला एक मिनिट उभं ऱ्हावलं न्हाई.”

मी पेन हातात घेतलं.

“लिहा की,” त्या म्हणाल्या. “ते ‘निमूट’ काढा अन्‌ हे घाला. मग पुन्यांदा वाचा पहिल्यापासून.”

मी ‘निमूट’ खोडलं, आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं.