केकचा शेवटचा तुकडा

स्वीडनमधल्या हार्नोसांद गावच्या शाळेत सोल्वेग अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होती. तिकडच्या रीतीप्रमाणे पोरं शिक्षकांना, अगदी हेडमास्तरालाही, एकेरी नावानंच हाक मारायची. शुक्रवारी सहावीचा एक तास ती नुसत्या कोड्यांना द्यायची. कधी खरं बोलणारे आणि थापाडे यांचं गाव, कधी वजनात खोटं निघालेलं नाणं. पोरं घसा फाटेस्तोवर भांडायची आणि बाईसाहेब खूश!

नव्या हेडमास्तराला, अर्विदला, हे खूळ वाटलं. "आज बघतो. पोरांनी डोकं चालवलं तर तास राहील, नाहीतर सोमवारपासून सरावाच्या वह्या," असं बजावून तो मागच्या बाकावर बसला. झालं! अठराही पोरांची दातखीळ बसली. सोल्वेगनं तीन कोडी घातली, पण एकानं तोंड उघडलं तर शपथ. हा तास गेला तर शाळेत यायचं तरी कशाला, असंच तिला वाटलं.

शेवटी तिनं घरून आणलेला वेलचीचा केक फिरवला. सगळ्यांनी खाल्ला आणि डब्यात एक तुकडा उरला. तिकडे शेवटचा तुकडा उचलायचा म्हणजे गावभर हावरट म्हणवून घ्यायचं. पण अर्विदला राहवेना. त्यानं सुरीनं अर्धा कापून घेतला, अर्धा ठेवला. शेजारच्या बाकावरच्या यिल्वानं उरलेल्यातला अर्धा घेतला. ओलोफनं त्यातला अर्धा.

सोल्वेगनं हे बघितलं मात्र! "काय रे, असंच चाललं तर हा केक संपणार कधी?"

"कधीच नाही!" ओलोफ ओरडला.

"हट्! कणी उरली की सुरी काय करणार?" यिल्वा म्हणाली.

"अगं सोल्वेग," एरवी मान वर न करणारी टूवा उठली, "शेवटच्यानं जेवढं खाल्लं, बरोब्बर तेवढंच मागे उरतं. मग संपेल कसा?"

"मला नाही पटत," अर्विद फळ्याकडे धावला.

"पटत नाही काय? सुरुवात तूच केलीस ना!" पोरं त्याच्यावर तुटून पडली.

घंटा झाली. कुणी हललं नाही. हात खडूनं माखलेला अर्विद कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "तास राहू दे, सोल्वेग. पण हे सुटल्याशिवाय मला आज झोप यायची नाही."

सोल्वेगला इतका आनंद झाला, की तिनं डब्यात उरलेली कणी उचलली आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकली.